मरळीला पाजलेलं तीर्थ

जे आजवर कोणाजवळ बोललो नाही ते आधी लिहून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा पाणी प्यायला उठेन आणि राहून जाईल. आमच्या घरची तीर्थाची पळी कल्हईवाल्यानं नेली नव्हती. मी नेली होती, आणि नेली ती मासे धरायला.

यातलं ‘मी नेली’ एवढंच ऐकून गावातला कोणीही म्हणेल, घरातली वस्तू घरातल्या माणसानं नेली, त्यात काय एवढं. ‘मासे धरायला’ हे मात्र आमच्या घरात पचण्यासारखं नव्हतं. आमचं घर म्हणजे सासऱ्यांचं घर. मी घरजावई. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि त्या माळेचा धाक घरातल्या मांजरालासुद्धा होता. मी गावच्या शाळेत मास्तर. शाळेत मुळाक्षरांचा तक्ता लावला होता, त्यात ‘म’पुढं मासा काढलेला. सासरे एकदा शाळेत आले, तक्त्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “जवाईबापू, मक्याचं कणीस नाई चालत काय?” मी दुसऱ्या दिवशी माशावर कागद डकवून कणीस काढलं. आमच्या गावची एक आख्खी पिढी ‘म मक्याचा’ म्हणत मोठी झाली.

माशाची मला खाण्यासाठी ओढ होती असंही नाही. ओढ होती ती उस्तादाची, म्हणजे त्या कल्हईवाल्याची. वाशीमच्या शाळेत आम्ही दोघं एका तरटावर बसलो होतो. चौथीनंतर तो बापाच्या भात्यावर बसला, मी पुढं शिकत राहिलो. मी लग्न करून जऊळक्याच्या अलीकडच्या या गावात आलो तर हा आधीच इथं. गावाच्या कडेला त्याचं छपर होतं आणि आमच्या गल्लीतली चौदा घरं त्याच्या बापापासूनची गिऱ्हाइकं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तो गल्लीच्या टोकाला निंबाखाली खड्डा करायचा, भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा, आणि काळंकुट्ट पातेलं कापसाच्या बोळ्याच्या चार फिरक्यांत आरशासारखं व्हायचं. मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो मला मास्तर म्हणायचा, पण अशा सुरात की त्यात आदर शोधून काढावा लागे.

त्या हिवाळ्यात रेल्वेच्या पुलाच्या डागडुजीसाठी एक गोरा साहेब नदीकाठी तंबू ठोकून राहिला होता. त्याच्या खानसाम्यानं डेगच्या कल्हईला दिल्या, आणि डेगच्या पोचवायला गेलेला उस्ताद दुपारी शाळेच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. मी पोरांना बेरजा घालून बाहेर आलो.

“मास्तर, थो साहेब रिकाम्या चमच्यानं मासे धरते.”

“चमच्यात काय ठेवते?”

“काईच नाई! थेच तं सांगून राह्यलो. गांडूळ नाई, कणीक नाई. नुसता चमचा, त्याले मांगून गळ. पाण्यात चमकवते, अन् मासा पाहाले येते का आपल्याले काय वाढलं.”

“अन् मंग?”

“मंग काय? पंगतीत बसलेल्या माणसाचं जे होते थेच. तोंड उघडलं का फसला.”

खानसाम्यानं त्याला आणखीही ज्ञान दिलं होतं. साहेबाच्या मुलखात हा खेळ खाडीत करतात. खाडी म्हणजे जिथं लहान पाणी मोठ्या पाण्याला भेटतं. तिथं संध्याकाळी भरती येते, पाणी चढतं, आणि पाणी चढलं की मोठा मासा आत शिरतो.

मी म्हणालो, “उस्ताद, आपल्या वऱ्हाडात खाडी कुठून आणतं? समुद्र दीडशे कोस.”

“नाला काटेपूर्णेले भेटते का नाई?”

“भेटते.”

“मंग नाल्याच्या हिशेबानं नदी म्हंजे समुद्रच ना बे. नाल्यानं कुठं मुंबई पाह्यली?”

गावाखाली अर्ध्या कोसावर, नाला जिथं नदीच्या डोहाला मिळतो, ती जागा त्या दिवसापासून आमची खाडी झाली.

काठी बांबूची, दोरा चांभाराकडचा मेण लावलेला, दोरा गुंडाळायला पतंगाची चकरी, आणि गळ बाजारातून. सगळं झालं. अडलं चमच्यापाशी. आता लोकांना नवल वाटेल, पण तेव्हा आमच्या गावात चमचा नव्हता. खायला हात होते आणि वाढायला डाव होता. चमचा होता तो वाशीमच्या दवाखान्यात, औषध पाजायला. उस्तादानं बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून पाहिलं, ते दगडासारखं बुडालं. पितळेचा पत्रा ठोकून पाहिला, तो पाण्यात सरळ आला, जसा शाळेत इन्स्पेक्टरापुढून पोरगा जातो तसा. उस्ताद म्हणे, साहेबाचा चमचा लचकत येते, लग्नातल्या करवलीसारखा. त्यासाठी मधे खोलगटपणा पाहिजे, पानासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर ओंजळ करून बसलो होतो.

आमच्याकडं पूजा झाली की सासरे घरातल्या प्रत्येकाच्या हातावर तीर्थ घालत. ते घालायची पळी तांब्याची, त्यांच्या आजीनं काशीहून आणलेली. इवलीशी वाटी, लांब दांडी, दांडीच्या टोकाला नागाचा फणा. सासऱ्यांनी पळी तांब्यात बुडवून वर काढली. खिडकीतून ऊन येत होतं. वाटी चमकली. मधे खोलगट, पानासारखी. हात वळला तशी लचकली.

त्यानंतर आठ दिवस मी पळीवरची नजर काढली नाही. तीर्थाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचो. सासरे गहिवरले. सासूबाईंना म्हणाले, “पाहाय, जवाई आता लायनीवर आले.”

शनिवारी शाळा सकाळची. पूजा आटोपली की पळी दुसऱ्या दिवसापर्यंत बेकार. मी मास्तरासारखं वेळापत्रक आखलं: दुपारी दांडी कापायची, सांजेला मासा धरायचा, रात्री दांडी परत जोडायची, सकाळी पळी देव्हाऱ्यात. पळी कोटाच्या आतल्या खिशात घालून मी उस्तादाच्या छपरात गेलो.

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. “हे कायचं आहे?”

“दवाईचा चमचा,” मी म्हणालो. “जुना.”

“अन् हे वाकडं शेपूट?”

“बाटलीत घालाले.”

त्यानं मान हलवली. तुम्ही म्हणाल, आयुष्यभर हिंदूंची भांडी घासणाऱ्याला पळी ओळखू आली नाही? नाही आली, आणि मला ते ठाऊक होतं. पूजेच्या तांब्याला कल्हई करत नाहीत. ती भांडी घरच्या घरी चिंचेनं घासतात, ती घराबाहेर पडत नाहीत. गल्लीतल्या चौदा घरांची घागर, परात, गंगाळ त्याच्या हाताखालून गेली होती, पण देव्हाऱ्यातली वस्तू त्याच्यापुढं आयुष्यात आली नव्हती. माझं खोटं तेवढ्या एका रीतीच्या आधारावर उभं होतं.

त्यानं छिन्नीच्या एका ठोक्यात दांडी तोडली आणि मोडीच्या डब्यात टाकली. वाटीला दोन भोकं पाडली, एकात दोरा, एकात गळ. मग भाता चालवला आणि वाटीला आतून-बाहेरून अशी कल्हई चढवली की तिच्यात मला माझं तोंड दिसलं. ते फार वेळ पाहावंसं वाटलं नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा आम्ही खाडीवर पोचलो. तिथं एक म्हातारा भोई जाळं शिवत बसला होता. पाच पिढ्या त्या डोहावर मासे धरणारा माणूस. त्यानं आमची काठी पाहिली, पतंगाची चकरी पाहिली.

“काहो मास्तर, पतंग पाण्यात उडवून राह्यले काय?”

उस्ताद म्हणाला, “बाबा, आज साहेबी पद्धत. तुमी फकस्त पाहा.”

“पाहून राह्यलो,” म्हातारा म्हणाला आणि जाळं खाली ठेवून नीट मांडी घालून बसला.

पहिली फेक उस्तादाची. काठी मागं नेली, पुढं झटकली, दोरा सणसणला आणि डोहावर काहीच पडलं नाही. वळून पाहिलं तर गळ माझ्या टोपीत. टोपी वर, बाभळीत. ती सोडवून खाली आणेपर्यंत म्हातारा मान वर करून पाहत होता. मग म्हणाला, “टोपी लहान हाये मास्तर. सोडून द्या. मोठी झाल्यावर धरू.”

दुसरी फेक माझी. ती पाण्यात पडली, हे मी अभिमानानं सांगतो. मी चकरी फिरवायला लागलो, पळी लचकत आली, खरोखर करवलीसारखी, आणि तिच्यामागं काहीही आलं नाही. असं दहा-बारा वेळा झालं.

“भरती नाई आली अजून,” उस्ताद म्हणाला.

“काय नाई आलं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“भरती. सांजेले पाणी चढते.”

“इथं?”

“खाडीत चढतेच.”

म्हाताऱ्यानं आभाळाकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, मग आमच्याकडं. “मी साठ वर्सं झाले इथं बसतो. एखाद्या वेळेस माह्यी पाठ असंन इकडं.”

उस्तादानं एक काडी पाण्याच्या कडेला रोवली आणि नखानं खूण केली. आम्ही दोघं काडीकडं पाहत उकिडवे बसलो. दोन संसारी बाप्ये, त्यातला एक सरकारी पगारावरचा, वाशीमच्या मुलखात समुद्राची वाट पाहत होतो.

आणि पाणी चढलं.

खोटं नाही. आधी एक बोट, मग दोन, मग खूण बुडाली. उस्ताद ओरडला, “आली! मास्तर, भरती आली!” त्यानं मला मिठी मारली. मीही मारली. म्हातारा मात्र हसता हसता आडवा झाला होता आणि हातानं वरच्या अंगाला दाखवत होता. वळणाआड गावचा म्हशींचा कळप डोहात उतरला होता. तीस-चाळीस म्हशी, पोट बुडेपर्यंत. डोह तो केवढा? पाणी चढणार नाही तर काय होईल?

“अशी भरती,” म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “रोज येते. शेण बी टाकून जाते.”

पण उस्ताद हार मानणारा नव्हता. “कशानं का होईना, चढलं ना? मासा काय इचारते, समुद्र हाये का म्हैस?” म्हशींनी गढूळ केलेलं पाणी आमच्याकडं सरकत होतं, त्याच्या तोंडाशी बारीक मासळी उडत होती, आणि तिच्यामागं कुठंतरी एकदा ‘बुडुक’ असा जाड आवाज झाला. म्हाताऱ्याचं हसू थांबलं. “मरळ हाये,” तो हळूच म्हणाला. “मोठी हाये.”

उस्तादानं घाईनं पळी वर ओढली. ती चिखलानं भरली होती. ती धुऊन दे म्हणून त्यानं म्हाताऱ्यापुढं धरली, कारण तो पाण्याजवळ होता. म्हाताऱ्यानं अंगठ्यानं चिखल पुसला, वाटी तळहातावर ठेवली आणि तसाच थांबला.

“मास्तर,” तो म्हणाला, “हे तं तीर्थाची पळी व्हय. दांडी कुठं गेली? माशाले तीर्थ पाजून राह्यले काय?”

मी हसायचा प्रयत्न केला. उस्ताद हसला नाही. त्यानं म्हाताऱ्याच्या हातातून वाटी घेतली, दोन्ही हातांनी घेतली, आणि खाली बसला.

“मास्तर, तू मले दवाईचा चमचा म्हणला.”

“तीर्थ बी एका परीनं दवाईच असते...”

“मजाक नको करू. तुह्या सासऱ्याच्या देवाची हे?”

मी होकाराची मान हलवली.

“म्या याच्यावर छिन्नी मारली,” तो म्हणाला. “अन् तू पाहत उभा व्हता.” मग उठला आणि दोरा गुंडाळायला लागला. “चाल. आताच्या आता चाल. दांडी डब्यात आहे. कल्हई काढतो, असा डाग देतो का देवाले बी जोड दिसणार नाई. अंधार व्हायच्या आत घरी नेऊन ठेव.”

पळी तेव्हा त्याच्या हातात होती. दांडी त्याच्या डब्यात होती. अर्ध्या तासात सगळं जागच्या जागी गेलं असतं, आणि आज मला लिहायला काहीच नसतं. पण समोर पुन्हा ‘बुडुक’ झालं.

मराठीत एक शब्द आहे, मी तो पोरांना लिंग शिकवताना मुद्दाम देतो. गळ घातला म्हणजे मासे धरायचा आकडा पाण्यात टाकला. गळ घातली म्हणजे एखाद्याची फार विनवणी केली. मी उस्तादाला गळ घातली. एकदाच, म्हणालो. शेवटची. तुला माझी शपथ, लहानपणाची शपथ, तरटाची शपथ. तो नाही म्हणत होता आणि त्याचे डोळे पाण्यावर होते, कारण तोही माणूसच होता. शेवटी त्यानं वाटी सोडली. आणि मग मी गळ घातला.

पळी पाण्यात पडून चार हात आली असेल नसेल, मरळीनं ती घेतली. घेतली म्हणजे हिसकली. काठी माझ्या हातात वाकून कुबडी झाली, चकरी हातातून निसटून खडकांवर नाचायला लागली, मी तिच्यामागं, उस्ताद दोऱ्यामागं, आणि म्हातारा दोघांच्या नावानं ओरडत, “ढील दे! ढील दे रे! पतंग हाये ना, मंग ढील दे!” उस्ताद कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात गेला. तेवढ्यात मरळ वर आली, हातभर पाण्याबाहेर. तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात आमची पळी लखलखत होती. मावळत्या उन्हात मी ती शेवटची पाहिली. दोरा तटकन् तुटला, उस्ताद मागच्या मागं पडला, आणि त्या गोंधळानं बिथरून म्हशी डोहातून बाहेर निघाल्या. पाणी उतरलं. ओहोटी लागली.

मग म्हाताऱ्यानं हात जोडले, डोहाला की आम्हाला ते कळलं नाही. “तीर्थ घेऊन गेली,” तो म्हणाला. “आता नाई मरत थे.”

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. धोतर ओलं, अंगाला शेण आणि नदीचा वास. सासरे ओसरीवर. “जवाईबापू, काहून भिजले? कुठं गेलते?”

मी म्हणालो, “नदीवर. उस्तादानं गळ घातला.” जीभ चावली. “घातली. लय गळ घातली, म्हणून गेलो.”

सासऱ्यांना व्याकरणाशी देणंघेणं नव्हतं. बायको कंदील घेऊन दारात उभी होती. आत गेल्यावर तिनं माझ्या हातात कोरडं धोतर दिलं आणि खालच्या आवाजात एवढंच विचारलं, “अजी, गळ घातली का घातला?” मी धोतर घेऊन न्हाणीकडं गेलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ती मला भाजी वाढताना ‘म मक्याचा’ म्हणायची, आणि मी मुकाट्यानं जेवायचो.

पण ते हसण्यावारी गेलं तरी एक गोष्ट उरलीच. गळ मी घातली होती, आणि नाव त्याचं सांगितलं होतं. त्या दिवसाचं माझं पहिलं खोटं औषधाचं होतं. हे दुसरं.

सकाळी पळी सापडेना. देव्हारा, कोनाडे, फुलांची परडी, उंदराचं बीळ, सगळं पाहून झालं. पूजा तर थांबत नाही. सासऱ्यांनी शेवटी वरण वाढायचा डाव आणवला आणि त्यानं तीर्थ द्यायला सुरुवात केली. एकेकाच्या ओंजळीत पावशेर तीर्थ. कोपरापर्यंत ओघळ, पोरं गुदगुल्या झाल्यासारखी हसली, म्हातारी आत्या ठसकली. आणि सासरे रडत होते. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. “माह्ये दात त्या दांडीवर आले रे,” ते म्हणत होते. ते तान्हे असताना हिरड्या शिवशिवल्या की आजी त्यांच्या तोंडात पळीची दांडी द्यायची. फण्याखाली दोन दातांची खूण होती.

मग कोणीतरी आठवण काढली की आठवड्यापूर्वी कल्हईवाला भांडी द्यायला घरात आला होता, ओसरीपर्यंत आला होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण माझा दोस्त. मी म्हणालो, “तो तसा नसेल.” मास्तरी आवाजात म्हणालो. ‘नाही’ म्हणालो नाही, ‘नसेल’ म्हणालो.

सासरे भले माणूस. म्हणाले, आळ घ्यायचा नाही, नुसतं विचारू. सासरे, शेजारचे दोघं आणि मी असे छपरात गेलो. आणि विचारायची वेळच आली नाही. समोर कोनाड्यात स्वच्छ फडकं अंथरलं होतं आणि त्याच्यावर दांडी, घासून पुसून ठेवलेली. उस्तादानं ती रात्रीच मोडीच्या डब्यातून काढली होती. देवाची वस्तू भंगारात नको म्हणून. डब्यातच पडून राहिली असती तर कोणाला दिसलीसुद्धा नसती.

सासऱ्यांनी दांडी उचलली, फण्याखाली अंगठा फिरवला. दाताची खूण लागली.

“हे तुह्यापाशी कशी आली?”

उस्तादानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी भात्याकडं पाहत होतो. भाता चामड्याचा होता, त्याला सात ठिगळं होती. मी ती मोजली, म्हणून ठाऊक आहे.

“मोडीत आली, मालक.”

“कोणं आणली?”

“याद नाई.”

“अन् वाटी?”

“गेली,” उस्ताद म्हणाला. हे मात्र अगदी खरं होतं.

सासरे म्हणाले, पोलिसात जायचं नाही, गरीब माणूस आहे. हा त्यांचा चांगुलपणा होता, आणि त्यानंच उस्ताद बुडाला. चौकशी झाली असती तर भोई बोलला असता. चौकशी झाली नाही, नुसती गोष्ट झाली. भोई एकदा मला बाजारात भेटला तेव्हा बोटानं कान खाजवत म्हणाला, “मास्तर, मले कोणं इचारलं नाई.” मी त्याला मिठाई घेऊन दिली. त्यानं ती खाल्ली नाही, शेल्यात बांधली.

पुढच्या दसऱ्याला गल्लीच्या टोकाला निंबाखाली दुसराच कल्हईवाला बसला. त्याची कल्हई चार महिन्यांत उडायची. पण चौदा घरांतल्या एकानंही उस्तादाला घागर दिली नाही. दिवाळीच्या आधी तो शाळेच्या खिडकीशी आला, तसाच, जसा साहेबाच्या चमच्याची बातमी घेऊन आला होता. हिंगोलीला, निजामाच्या हद्दीत चाललो म्हणाला, मेहुण्याकडं.

“मले वाटलं तू सांगशील,” तो म्हणाला. “मास्तर माणूस हायेस. धडा पाठ करून येशील. मी रोज वाट पाह्यली.”

मी म्हणालो, “मी घरजावई आहे रे.”

तो हसला. “हाव, थेही खरं. घरजावयाचं अन् कल्हईचं एकच. वरून चकचक. खरवडलं का तांबं.”

त्या दिवशी मी गाडीपर्यंत त्याच्यासोबत गेलो नाही. पोरांना बेरजा दिल्या होत्या.

सासरे परवाच्या पावसाळ्यात गेले. शेवटचं तीर्थ त्यांच्या तोंडात मीच घातलं. आता घरात चहा आला आहे, चहाबरोबर चमचे आले आहेत, त्यातल्या एका चमच्यानं. तोंड उघडलं, पाणी गेलं, आणि मला त्या वेळीसुद्धा, देवा मला क्षमा कर, मरळीचा जबडा आठवला. ते गेले ते उस्ताद चोर आहे असं मानून, आणि त्याला माफ करून. ती माफी घ्यायला हवी होती मी.

यंदा उन्हाळ्यात हिंगोलीच्या बाजारात उस्ताद भेटला. दाढी पांढरी, पण हात तसेच, नखांत कथील. लांबूनच ओरडला, “काबे मास्तर, भरती आली का?” त्यानं मला दुकानात बसवलं, चहा पाजला, आणि चमचा माझ्या हातात देताना मोठ्यानं हसला. आम्ही दोघंही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती म्हशींची भरती, ती टोपी. मग तो म्हणाला, “एक सांगू? इथं आमच्या घराले पळीवाले म्हणते.”

“काहून?”

“आपल्या गावचा एक जण बाजाराले आला, त्यानं गोष्ट सांगितली. लोकाईनं नाव पाडलं. पहिले पळीचोर म्हणत. मंग मुलं लहान होती म्हणून कोणी दया केली, पळीवाले म्हणाले लागले. आता तेच नाव. पोरीसाठी पाव्हणे आले होते. चांगलं घर. पाव्हण्यानं विचारलं, पळीवाले कशावरून? म्या काय सांगू?”

“काय सांगितलं?”

“म्हणलो, याद नाई.” तो पुन्हा हसला, पण या वेळी एकटाच. “पाव्हणे फिरून नाई आले, मास्तर.”

त्यानं माझ्याकडं काही मागितलं नाही. त्यानं कधीच मागितलं नाही. उठताना फक्त विचारलं की निंब अजून आहे का. आहे, म्हणालो.

मी उस्तादाचं जे देणं लागतो ते एवढं आहे. त्या निंबाखाली, चौदा घरांच्या समोर, दिवसाउजेडी उभं राहून म्हणायचं की पळी मी नेली होती, त्यानं नाही. आणि मग हिंगोलीला जाऊन तेच त्याच्या पाव्हण्यांपुढं म्हणायचं. यातलं एकही वाक्य मी अजून म्हटलेलं नाही.